टाकीमागचा तुंबा

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ नाही. ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी मारताना मनातल्या मनात सांगून टाकावं असं दोनतीनदा वाटलं — पण नदीला सांगून काय होतं? ती काय कोणापुढे जाऊन साक्ष देणार आहे? जिथं खरं बोलायचं होतं तिथं मी बोलले नाही. म्हणजे बोलले. बोलले तेच वाईट झालं.

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी म्हाताऱ्या बायांकडून आठवणी मागितल्या आहेत. मला म्हणाले, "काकू, तुम्ही मुलींच्या होस्टेलात अठरा वर्षं मेस सांभाळली, एवढ्या खेळाडू घडताना पाहिल्या, तिथल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. त्या दुसरं कोणी लिहील. मी चौथी पास आहे. वेलांट्या चुकल्या तर अंकवाले सुधारतील. मजकूर सुधारू नये.

कुठून सुरू करू? स्वयंपाकघरातूनच करते. पाप तिथलंच आहे.

आम्ही जबलपुरातल्या रांझीचे. माझे यजमान फॅक्टरीत होते. मुलगा कॉलेजात गेला आणि दुपारचं घर खायला उठायला लागलं, तेव्हा मी मेसची नोकरी धरली. खेळाडू मुलींचं होस्टेल होतं. कोणतं ते लिहीत नाही, कारण चूक त्या इमारतीची नाही. साठ-सत्तर मुली, हाताखाली दोन बाया, आणि मी. मुली मला मौसी म्हणायच्या. माझं स्वयंपाकघर असं होतं की फरशीत तोंड दिसावं. चपला बाहेर. आंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावायचा नाही. आणि बाहेरचं शिजवलेलं आत आणायचं नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यांना सारखा होता, असं मी अठरा वर्षं सांगत आले. नव्हता. तन्वी नावाची एक मुलगी होती, शहरातल्या डॉक्टरांची. तिच्या घरून बेसनाचे लाडू यायचे, ते माझ्या कपाटात राहायचे, देवाच्या तसबिरीखाली. तिच्या ताकदीच्या पावडरीचे मोठे मोठे डबे यायचे, तेही तिथंच. फ्रिजमध्ये तिची औषधाची एक डबी असायची, वडील स्वतः आणून द्यायचे, महिन्याकाठी सुई टोचून जायचे. व्हिटामिन, म्हणाले. असेलही व्हिटामिनच. तिनं काही वाईट घेतलं असं मी म्हणत नाही, पोर चांगली होती, मेहनती होती. मी एवढंच सांगते की त्या डबीत काय आहे हे मी विचारलं नाही. आणि मला कोणी विचारलं नाही.

आता फगनीचं.

फगनी डिंडोरीकडची. गोंडांची पोर. सोळा वर्षांची असेल, मामानं बसनं आणून सोडली. काळी, म्हणजे काळीच. पायाच्या पोटऱ्या दोरीसारख्या पिळलेल्या. पहिल्या दिवशी तिला पाहून माझ्या हाताखालची बाई म्हणाली, "हे काय आणलं जंगलातून?" आणि मी हसले. एवढंच लिहिते, हसले. दुसऱ्या दिवशी मैदानावर तिच्यामागं सगळ्या मुली धापा टाकत होत्या.

ती माझ्या हातचं सगळं खायची, पण पहाटे तिला पेज लागायची. तांदळाची नाही, कुटकीची. कुटकी म्हणजे बारीक धान्य असतं, त्यांच्या डोंगराळ शेतात होतं. मामा महिन्यातून एकदा गाठोडं पोचवायचा. ती पेज पातळ शिजवायची, मीठ टाकायची आणि तुंब्यात भरून ठेवायची. तुंबा म्हणजे वाळवून पोखरलेला भोपळा. त्यात पेज गार राहते, दुसऱ्या दिवशी जराशी आंबते, तशीच पितात. त्यांच्याकडे लहान-थोर सगळे पितात. नांगराला जाताना खांद्याला तुंबा लटकवूनच निघतात.

पहिल्या सकाळी ती तुंबा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत आली नाही. तिला कोणी सांगायला लागलं नाही, ही गोष्ट मला तेव्हा चांगली वाटली. आता नाही वाटत.

"मौसी, इसको कहाँ रखें?"

मी तिला सांगितलं, "अंदर नहीं. पीछे टंकी के पास रख. और ढाँक के रखना, किसी को दिखना नहीं चाहिए."

हे वाक्य मी नीट लिहिलं आहे. पुन्हा वाचायचं तर वाचा. किसी को दिखना नहीं चाहिए. काहून म्हटलं मी असं? वॉर्डन दीदी अधूनमधून पाहुण्यांना माझं स्वयंपाकघर दाखवायला आणायच्या. त्या पाहुण्यांना मागच्या दारात तो मळकट भोपळा दिसायला नको होता. एवढ्यासाठी. आणि खरं सांगू का, गोंडाच्या घरचं शिजलेलं माझ्या ओट्यावर नको होतं. सोवळं म्हणा, माज म्हणा. मी त्याला स्वच्छता म्हणायची.

टाकीच्या मागं मी तिला तीन विटा मांडून दिल्या, तिथं शिजव म्हणून. आपण मोठे उपकार केले असं मला वाटलं. ती रोज पाठीमागं चूल पेटवायची, तुंबा भरायची, वर पोतं टाकायची आणि कावळ्यांनी ओढू नये म्हणून पोत्यावर वीट ठेवायची. पाच-सहा महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. एकदा तिला ताप आला तेव्हा पेज मी स्वतः ढवळली. टाकीमागंच, विटांवर. कुटकी, पाणी, मीठ. चौथं काही नाही. मग साबण लावून हात धुतले आणि आत गेले.

म्हणजे मला माहीत होतं. हे तुम्ही पक्कं धरून चाला. मला अंदाज नव्हता, मला माहीत होतं.

त्या वर्षी राज्याच्या शर्यती आमच्याच मैदानावर झाल्या. पंधराशे मीटरमध्ये फगनी पहिली आली. पहिली म्हणजे कशी — तन्वी दुसरी आली तोवर ही घाम पुसून बुटाची नाडी सोडत बसली होती. टाळ्या पडल्या. पण त्या टाळ्यांखाली एक कुजबुज सुरू झाली, ती मी जाळीजवळ उभी राहून ऐकली. मुलींचे आईबाप होते, शिकलेले लोक. एक म्हणाला, "इन लोगों का शरीर ही अलग होता है, जानवर जैसा दम." दुसरा म्हणाला, "अजी दम-वम कुछ नहीं, जंगल की जड़ी है कोई." एक बाई म्हणाली, "लड़की है भी कि नहीं, वो देखना चाहिए." मेहनत हा शब्द कोणाच्या तोंडून आला नाही. तीच बाई गेल्या वर्षी तन्वी जिंकली तेव्हा म्हणाली होती की पोरीनं वर्षभर रक्ताचं पाणी केलं. मग फगनीच्या रक्ताचं काय होत होतं? ती साडेचारला उठायची, मी चहाचं आधण ठेवायला यायची तेव्हा तिची चूल विझलेली असायची.

पण मी त्यांना काय म्हणू? मी घरी तेच बोलत होते. यजमान टीव्हीवर शर्यती बघायचे. परदेशातले काळे धावपटू पुढं जाताना दिसले की मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "हे लोक काहीतरी घेऊनच धावून राहिले असतील."

ते म्हणायचे, "अगं, मेहनत करून राहिले ते."

"मग आपले काय झोपून राहिले?"

"आपले टीव्ही बघून राहिले," ते म्हणायचे, आणि मला चहा मागायचे.

गोरा पुढं गेला तर मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. नाही आठवत.

तर जाळीजवळच्या लोकांनी मला विचारलं, "मौसी, आप तो वहीं रहती हैं, वो पीती क्या है?" एवढी शिकलेली माणसं आणि विचारतात कोणाला — मला. मला ते आवडलं. मी खांदे उडवले आणि म्हटलं, "अपना-अपना कुछ होता है उन लोगों का." हे खोटं नव्हतं. पण त्या लोकांना जे हवं होतं ते मी दिलं.

खेळात चोरी पकडायला लघवी तपासतात, हे तुम्हाला माहीत असेल. मुली त्याला बाटली देणं म्हणायच्या. जिंकणाऱ्याची बाटली घेतातच, ते ठीक आहे. पण फगनी तिसरी आली तरी तिची बाटली, पहिली आली तरी तिची. दर वेळी काही निघायचं नाही. मग लोक म्हणायला लागले, जंगलातलं औषध मशीनला सापडत नाही. आता यावर पोरीनं काय करायचं? काही सापडलं असतं तर चोर. नाही सापडलं तर हुशार चोर. मशीनपेक्षा त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा होता, आणि डोळ्यांना तिचा रंग दिसत होता.

कोणीतरी अर्ज केला. नाव न देता. एके दिवशी दुपारी तिघं जण होस्टेलात आले, दोन साहेब आणि एक मॅडम. मुलींच्या पेट्या उघडल्या, गाद्या उलटवल्या. माझं कपाट पाहिलं. तन्वीचे डबे ओळीनं उभे होते, फ्रिजमध्ये ती डबी होती. साहेब म्हणाले, "बहुत साफ रसोई है," आणि कपाटाचं दार लावलं.

मग ते मागच्या दारी गेले. टाकीमागं वीट, विटेखाली पोतं, पोत्याखाली तुंबा.

मला आजही तो आवाज ऐकू येतो. साहेब नुसतं एवढंच म्हणाले, "अच्छा."

वॉर्डन दीदींच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तुंबा ठेवला. आंबूस वास येत होता, मॅडमनं नाकाला पदर लावला. फगनीला विचारलं, यात काय आहे? ती म्हणाली, पेज. मग विचारलं, पेज आहे तर लपवून काहून ठेवली? खायची वस्तू कोणी टाकीमागं वीट ठेवून लपवतं का?

तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी दाराजवळ उभी होते. ओला हात पदराला पुसत होते. मग ती साहेबांकडे वळली. म्हणाली, "वहीं रखते हैं जी." एवढंच. "मौसीनं सांगितलं" असं तिनं म्हटलं नाही. काहून नाही म्हटलं? मला वाचवायला? की गोंडाच्या पोरीवर इथं कोण विश्वास ठेवणार हे तिला ठाऊक होतं? मला माहीत नाही. आणि मी तिच्या वतीनं एखादं गोड कारण लिहिणार नाही.

मग साहेबांनी मला विचारलं. आता सांगते. इतका वेळ इकडून तिकडून फिरत होते ते याच्यासाठी.

साहेब म्हणाले, "मौसी, आप बताइए. ये बर्तन वहाँ किसने रखा?"

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं — मैंने रखवाया साहब. त्यांनी विचारलं असतं, काहून? मग मला सांगावं लागलं असतं की सरकारी होस्टेलात मी एका पोरीचं अन्न आत येऊ देत नाही. वॉर्डन दीदी माझ्याकडे बघत होत्या. नोकरी गेली असती का? कदाचित. बदनामी नक्की झाली असती. ज्या स्वच्छतेसाठी मला लोक ओळखायचे, तिच्यात काय भरलं आहे ते त्या टेबलावर तुंब्याशेजारी दिसलं असतं.

मी म्हटलं, "छुपा के रखती थी साहब. हमको क्या मालूम क्या है."

हो. असं म्हटलं मी. जिनं स्वतः ती पेज ढवळली होती, तिनं.

फगनीनं मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं एखादं माणूस बस चुकल्यावर बसकडे बघतं. साहेबांनी माझं वाक्य लिहून घेतलं. सही करायला लावली, मी केली. चौथी पास आहे, अंगठा नाही लावत.

तुंब्यातलं थोडं बाटलीत भरून तपासायला पाठवलं. तोवर तिला होस्टेलातून घरी जायला सांगितलं. देशाच्या संघासाठी मुली निवडायचं शिबिर त्याच महिन्यात होतं. त्यात तिच्या जागी तन्वी गेली. जाण्याच्या दिवशी फगनी उंबऱ्याबाहेर येऊन म्हणाली, "मौसी, जा रहे हैं." मी तिला पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं. तिनं घेतलं. आपण डबा बांधून दिला म्हणजे काहीतरी फिटलं, असं त्या दिवशी मला वाटलं. किती स्वस्तात सुटू पाहत होते मी!

दोनेक महिन्यांनी कागद आला. तुंब्यात काहीच नव्हतं. धान्य, पाणी, मीठ. वॉर्डन दीदींनी ओट्याजवळ येऊन मला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "अजीब है ना मौसी, कुछ था ही नहीं तो छुपाती क्यों थी?"

मी वरणाला फोडणी दिली.

म्हणजे दोनदा संधी आली आणि दोन्हीदा मी गप्प. पहिल्यांदा भीती होती असं म्हणाल. दुसऱ्यांदा कशाची होती? काही नाही. नुसतं सोपं होतं.

कागद फायलीत गेला. माझं वाक्य मात्र फायलीतून बाहेर पडलं आणि गावभर झालं. पेज कोणाच्या लक्षात राहिली नाही, लपवणं राहिलं.

फगनी दोन वर्षं कुठं धावली नाही. घरी होती, शेतात होती, असं ऐकलं. मग दुसऱ्या शहरातल्या एका प्रशिक्षक मॅडमनं तिला जाऊन आणलं, असंही ऐकलं. त्यानंतर तिचं नाव वर्तमानपत्रात यायला लागलं. आधी खालच्या कोपऱ्यात, मग फोटोसकट. मी ते पान उलटं घालून त्यावर भाजी निवडायची.

माझी नोकरी संपली, यजमान गेले, गुडघे गेले. गेल्या हिवाळ्यात होस्टेलवाल्यांचा फोन आला. फगनी येणार आहे, मुलींशी बोलणार आहे, जुन्या लोकांना बोलावलं आहे, तुम्हीही या. जाऊ नये असं वाटलं. पण नात जुई मागं लागली, ती बँकेत आहे, तिच्या स्कूटीवर बसवून घेऊन गेली.

फगनी आली. आता अठ्ठावीस-एकोणतीसची बाई झाली आहे, अंगावर देशाच्या संघाचा कोट. मी खुर्चीत होते. ती सरळ माझ्याकडे आली, वाकली, पायाला हात लावला.

"मौसी, पहचाना?"

"तुझे कौन नहीं पहचानेगा," मी म्हटलं. "बाल क्यों कटवा लिए?"

ती हसली. "आते ही डाँट."

मग सगळ्यांना मेसमध्ये नेलं. माझं जुनं स्वयंपाकघर, ओटा तोच. आणि ओट्यावर, गॅसवर, मोठ्या पातेल्यात कुटकीची पेज शिजत होती. आता तिथं मंडला-डिंडोरीकडच्या सात-आठ मुली आहेत, फगनीला बघून आलेल्या. पण पेज त्यांच्यासाठीच नव्हती. सगळ्याच मुली ग्लास घेऊन रांगेत होत्या. नवी स्वयंपाकीण पोरीसारखीच होती, कानात डूल, पायात चप्पल, आणि खुशाल सगळ्यांना वाढत होती. फगनीनं एक ग्लास स्वतः भरून मला आणून दिला.

मी प्याले. आयुष्यात पहिल्यांदा.

"कैसी लगी?"

"नमक कम है."

"देखो," ती मुलींना म्हणाली, "मौसी आज भी नुक्स निकालती है." सगळ्या हसल्या. मीही हसले. तिच्या बोलण्यात टोमणा होता का? मी शोधला. सापडला नाही.

नंतर मैदानावर मुलींची चाचणी शर्यत झाली. एक बारकी सावळी पोर, मंडल्याची, सगळ्यांच्या पुढं गेली. जाळीजवळ कोणाचे तरी वडील होते. जागा तीच, माणूस दुसरा. ते म्हणाले, "इसको क्या खिलाते हैं भई?" आणि त्या सुरात. मला तो सूर अंधारातही ओळखू येईल, माझाच आहे. तेवढ्यात शेजारी पाय ताणत उभी असलेली एक शहरी मुलगी, चष्मेवाली, वळली आणि म्हणाली, "अंकल, पेज पीती है. मैं भी पीती हूँ, फिर भी सातवें नंबर पे आती हूँ. वो मुझसे ज़्यादा दौड़ती है, बस." आणि पळत गेली.

सोळा-सतरा वर्षांची पोर. तिला हे बोलायला क्षणही लागला नाही. मला ते पासष्टी आली तरी जमलं नव्हतं. मी तिथं बसले होते, आणि मला लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वाटलं, माझ्यासारख्या बाया संपून राहिल्या आहेत, आणि ते चांगलंच आहे.

पण त्या दिवशीही मी फगनीला काही बोलले नाही. ती समोर होती, हातात तिनं दिलेला ग्लास होता. मी खारट-अळणीचं बोलून घरी आले.

आता हे लिहायला काहून बसले? कारण गेल्या महिन्यात फगनीची मोठ्या शर्यतीसाठी निवड झाली. परदेशात. सगळीकडे कौतुक सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग ते दुसरंही. जुई फोन घेऊन माझ्याजवळ बसली. "आजी, ये देखो, लोग क्या-क्या लिख रहे हैं." वाचून दाखवलं. कोणीतरी लिहिलं होतं की ही पहिल्यापासून काहीतरी घेते, जबलपूरच्या होस्टेलात लपवून ठेवायची, मेसच्या बाईनं स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्याखाली शंभर जण, हो हो, आम्हीही ऐकलं आहे. चौकशी करा. हिला पाठवू नका.

मेसची बाई. माझं नावसुद्धा त्यांना माहीत नाही, आणि माझ्या शब्दावर तिला अडवायला निघाले आहेत.

जुई म्हणाली, "आजी, तू तर तिथंच होती ना? सच में छुपाती थी क्या?"

मी म्हटलं, "दूध उतू चाललं," आणि आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

ओट्याला धरून उभी राहिले. चौथी वेळ, मी मोजली. पाचवी वेळ यायला माझ्याजवळ किती दिवस आहेत? आणि फगनीजवळ? तिची शर्यत पुढच्या महिन्यात आहे. मी मेले तर ते वाक्य मागं राहील, आणि ते मागं घेणारं कोणीच राहणार नाही. तिला तर खोडता येत नाही ते. चौकशीतून कागद आला तरी खोडलं गेलं नाही, दर शर्यतीनंतर बाटली दिली तरी नाही. ते फक्त मला खोडता येतं.

म्हणून दोन कागद लिहिले. एक हा, तुमच्यासाठी. दुसरा हिंदीत, छोटा, खेळाच्या ऑफिससाठी आणि फगनीच्या प्रशिक्षक मॅडमसाठी. तो जुई उद्या पोचवेल, आणि जिथं ते लोक लिहितात तिथंही टाकेल. तिला अजून माहीत नाही त्यात काय आहे. संध्याकाळी बँकेतून आली की मी समोर बसून तिला मोठ्यानं वाचायला लावणार आहे. ती माझ्याकडे कशी बघेल ते बघेल.

त्या कागदात एवढंच आहे. ते भांडं टाकीमागं मी ठेवायला लावलं. झाकून ठेव, दिसू देऊ नको, हे मी सांगितलं, कारण गोंडाच्या मुलीचं अन्न मला माझ्या स्वयंपाकघरात नको होतं. त्यात कुटकीची पेज असायची, मी ती माझ्या हातानं ढवळली आहे. मुलीनं काहीही लपवलं नाही. चौकशीत मी खोटं बोलले, आणि खोटं आहे हे माहीत असून बोलले. खाली पूर्ण नाव घालून सही केली आहे.

फगनी धावेल. जिंकेल की नाही ते तिचे पाय ठरवतील. आणि त्या दिवशी कोणी पुन्हा म्हणालं, मेसच्या बाईनं सांगितलं होतं — तर मेसच्या बाईनं काय सांगितलं, ते वर लिहिलं आहे.